पुंडलिकच्या नावाचं रक्त

पुंडलिक दोनोडे माझा दोस्त होता. तो मेला, अन् त्याच्या मरणात माझा हात आहे. हे आधीच सांगून टाकतो. मागून सांगतो म्हटलं का माणूस गुळमुळीत होते, अन् मले गुळमुळीत माणसाचा भारी राग येते. माझं नाव मारोतराव चुटे. चौसष्ट वर्षाचा आहो, तोंडाचा फटकळ आहो, अन् कितीतरी वर्षं एक गोष्ट पोटात दाबून बसलो होतो. तेवढ्या वेळी कुठं गेला होता माझा फटकळपणा, कोण जाणे.

आम्ही दोघंही आमगावकडचे. वावर भावांच्या हाती सोपवून एकाच साली भिलाईले आलो अन् हथखोजच्या एका रोलिंग मिलमध्ये चिकटलो. ती मिल आता बंद पडली, नाव सांगून काय करू? मी इलेक्ट्रिशियन, तो क्रेन ऑपरेटर. वर केबिनमध्ये बसून लाल तापलेले लोखंडाचे दांडे इकडून तिकडं न्यायचे, हे त्याचं काम. खाली माणूस असो नसो, ओझं उचलायच्या आधी तो दोनदा घंटी वाजवे. सवयच तशी पडली होती. कोहक्याले घराच्या गल्लीत सायकल शिरली तरी घंटी दोनदाच. त्याची बायको अंजनाबाई ती घंटी ऐकूनच चहाचं भांडं चढवे.

नाकासमोर चालणारा माणूस. लोकं त्याले हासत. मीही हासलो असन. पण २००४च्या मे महिन्यापासून माझं हासणं बंद झालं.

त्याच्या आधी आमच्या कामातली एक गोष्ट सांगतो. दुरुस्तीसाठी क्रेनवर चढायच्या आधी इलेक्ट्रिशियननं खालच्या मेन स्विचले आपला टॅग लटकवायचा. टॅग म्हणजे तळहाताएवढी पत्र्याची लाल पाटी, तिच्यावर पांढऱ्या रंगानं ज्याचं त्याचं नाव. तार कापायची नाही, काही तोडायचं नाही. स्विच जसाच्या तसा राहते, फक्त पाटी सांगते का बाबा, याले हात लावू नको, वर माणूस आहे. अन् नियम एकच. ज्यानं लटकवला, त्यानंच काढायचा. मालक आला तरी मालकानं काढायचा नाही.

त्या दिवशी मी क्रेनच्या रुळावर चढलो होतो. वर भट्टीची आच, अन् मे महिन्याचं ऊन पत्र्यातून आत येऊन राहिलं होतं. मले चक्कर आली. गर्डरच्या मागं जो पडलो, तो आवाजही फुटेना. खाली फोरमन बोंबलून राहिला, "मारोत गया कँटीन में। टॅग भूल गया। निकालो और चालू करो।" पुंडलिक केबिनमधून खाली उतरला. स्विचसमोर लाकडाचा खोका टाकला अन् त्यावर ठाण मांडून बसला. फोरमननं शिव्या घातल्या, सस्पेंड करतो म्हणाला. हा म्हणे, "जिसका टॅग है, वही आएगा।" दोन तास मिल बंद ठेवली त्या माणसानं. मंग कोणीतरी वर चढून पाह्यलं तं मी पडलेला होतो, एक पाय क्रेनच्या चाकासमोर. चालू झाली असती तं माझे दोन तुकडे झाले असते.

म्हणून म्हणतो, या माणसानं काही मांगतलं तं मी नाही म्हणू शकत नव्हतो. हे बचाव म्हणून, सफाई म्हणून नाही सांगून राहिलो. सफाई द्यायची माझी लायकीच नाही.

२००९च्या गणपतीत आमच्या मंडळानं रक्तदानाचा कॅम्प ठेवला. पुंडलिकनं दिलं, मीही दिलं. पंधरा दिवसांनी ब्लड बँकेतून त्याले फोन आला, येऊन भेटा. तो मले घेऊन गेला. तिथल्या मॅडमनं दार लावून सांगतलं का तुमच्या रक्तात हेपेटायटिस बी आहे, लिव्हरचा वायरस, पिलियावाला, म्हणजे काविळीचा. डॉक्टरले दाखवा. घरच्या सगळ्यांची तपासणी करा, त्यांना टीका, म्हणजे लस लावून घ्या. हाव, सगळं सांगतलं होतं त्या बाईनं. पुंडलिकले काय, मलेही चांगलं ऐकू आलं होतं.

बाहेर आल्यावर तो म्हणे, "मारोत, मले दुखत तं काही नाही. डोळे पाह्य बरं, पिवळे आहेत का?"

मी पाह्यले. पांढरेशुभ्र होते. मी म्हटलं, "काही नाही बे."

तरी मनात भेव होतंच. मंग आम्ही काय केलं? पाटणकडच्या एका गावात पिलियाची माळ देणारा होता, त्याच्याकडं गेलो. तो मुळ्यांची बारीक माळ डोक्यावर ठेवते, ती रोज वाढत जाते, गळ्यात येते, छातीवर येते, अन् पायातून निघाली का पिलिया उतरला. आमच्याकडं शिकलेले लोकंही जातेत. पुंडलिकची माळ नऊ दिवसांत गुडघ्याच्या खाली आली. त्यानं ती तळ्यात टाकली, नारळ फोडला अन् मले पेढा दिला. आमच्या हिशोबानं तो बरा झाला होता. डॉक्टरकडं कोणी गेलं नाही. घरी कोणाले सांगतलं नाही. उगाच बायको घाबरन, म्हणे.

त्याच दिवाळीतली गोष्ट. पुंडलिकचा पोरगा नरेश तेव्हा सतरा वर्षाचा, नुकताच आयटीआयले लागला होता. मी सकाळी फराळाले गेलो तं अंगणातल्या नळाजवळ बापलेक उभे. खिळ्याले लटकवलेला एकच आरसा, एकच वस्तरा. आधी बापानं दाढी केली अन् मंग तोच वस्तरा पाण्यात बुचकळून पोराच्या हाती दिला. पोराले पहिल्यांदाच करायची होती. हनुवटीले कापलं त्याले. बाप हासला, म्हणे, "कापल्याशिवाय येत नाही रे." त्याच्याही गालावर रक्ताचा ठिपका होता. मीही हासलो. चिवडा खाऊन राहिलो होतो मी, हातात वाटी होती. हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

पुढच्या साली मिलच्या लेबर कॅम्पात एक कामगार पिलियानं मेला. मालकानं हुकूम काढला का सालाना मेडिकलमध्ये सगळ्यांच्या रक्तात हा वायरसही पाहायचा. पहिल्याच दिवशी दोघांच्या रक्तात निघाला. दुसऱ्या दिवशी त्यांना गेटवरूनच परत पाठवलं. हात लावल्यानं होत नाही, हे कोणाले माहीत होतं? क्रेन ऑपरेटरांची बारी गुरुवारी होती. बुधवारी दुपारी पुंडलिक माझ्याकडं आला. बसला, उठला, पुन्हा बसला.

"मारोत, माळ उतरली, पण रक्तातून गेलं असन का रे?"

"मले काय मालूम."

"पोरगी दहावीत जाईन पुढच्या साली. हे काम गेलं तं..."

मीच बोललो. मी म्हटलं, "तू नको जाऊ. तुझ्या नावानं मी देतो."

ते त्यानं मांगतलं नव्हतं. माझ्याच तोंडून निघालं. मंग सोपं होतं सगळं. इलेक्ट्रिशियनांची बारी सोमवारी झाली होती, माझा डावा हात टोचला होता. गुरुवारी मी पुंडलिकचं हेल्मेट घातलं, त्याचं कार्ड घेतलं अन् उजवा हात पुढं केला. रक्त घेणारा बाहेरून येणारा, तो काय चेहरे ओळखते? "नाम?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "पुंडलिक दोनोडे." ब्लड ग्रुपही दोघांचा एकच निघाला, म्हणून कधी शंकाही आली नाही. सुट्टी झाल्यावर दोघं सुपेल्याले गेलो, पोहे अन् गरम जलेबी खाल्ली. तो म्हणे, "आता तू अन् मी बराबर झालो." मी म्हटलं, "चूप बे, जलेबी खा."

सात वर्षं असंच चाललं. दरसाली सोमवारी डावा हात माझा, गुरुवारी उजवा हात पुंडलिकचा. दरसाली कागद येई, पुंडलिक दोनोडे, निगेटिव्ह. तो कागद तो जपून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवे. पुढं पुढं मले वाटते त्याले स्वतःलेही खरं वाटू लागलं का हा कागद त्याचाच आहे. २०१६ मध्ये तो रिटायर झाला. परसात पपया लावल्या, नरेशनं सुपेल्यात मोटार वाइंडिंगचं दुकान टाकलं तं तिथं दुपारी बसू लागला. नरेशचं लग्न झालं, रेणू सून आली, मंग नात दामिनी झाली. धाकटी निशा बायोलॉजी शिकत शिकत रायपूरले एका लॅबमध्ये पीएचडीले लागली. बाप छाती फुगवून सांगे, "माझी पोट्टी लिव्हरच्या पेशीवर काम करते." तो हे सांगे तेव्हा मी दुसरीकडं पाहो.

दोन वर्षांआधी, थंडीत, त्याचं पोट फुगायला लागलं. पाय सुजले. डोळे पिवळे झाले, यावेळी खरोखर. निशानं त्याले रायपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी कळलं. लिव्हर सुकून दगड झालेलं, अन् त्यात गाठ. कॅन्सर. मूळ कारण हेपेटायटिस बी. डॉक्टर म्हणाले, गाठ अजून एकच आहे, लिव्हर बदललं तं माणूस वाचू शकते. घरच्या कोणीतरी आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायचा. अंजनाबाईले शुगर, निशाचा ग्रुप जुळत नव्हता. मी म्हटलं माझा ग्रुप जुळते, माझं घ्या. डॉक्टर म्हणे साठीच्या वरच्याचं आम्ही घेत नाही. राह्यला नरेश. तो एका पायावर तयार होता. "पूरा ले लो," म्हणे, "आधा काहे को।"

त्या आठवड्यात मी रोज सकाळच्या बसनं रायपूरले जाऊन राहिलो होतो. एका दुपारी पुंडलिक उशीले टेकून बसला होता, अन् निशा रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेननं गोल काढून त्याले सांगत होती. बापानंच विचारलं होतं, "तू शिकली ते आता माझ्या पोटात झालं ना? मंग मले सांग काय झालं."

"पापा," ती म्हणे, "शरीरातल्या हर एक पेशीत वायरिंग सेम असते. डोळ्याची असो का लिव्हरची. आईच्या पोटात आपण पेशींचा नुसता गोळा असतो ना, तेव्हा काही जीन चालू असतेत. स्टेम सेलचे जीन. ते पेशीले म्हणतेत, वाढ, काहीही बन. मंग एकदा लिव्हर बनलं का ते बंद करावे लागतेत. नाही तं लिव्हर लिव्हरसारखं राहणारच नाही."

"मंग ते कापून टाकते का शरीर?"

"नाही ना. जीन तिथंच राहते, जसाच्या तसा. फक्त त्याच्यावर बारीक बारीक केमिकलच्या खुणा बसतेत. मिथाइल म्हणतेत त्याले. ती खूण असली का मशीन त्याले हात नाही लावत."

पुंडलिकनं माझ्याकडं पाह्यलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो हासला. "मारोत, टॅग आहे बे हा."

"हां पापा, टॅगच समजा," निशा म्हणे. "अन् वायरस बरसों अंदर बसून राह्यला, लिव्हर जळत राह्यलं, पुन्हा भरत राह्यलं, तं ते टॅग कुठं कुठं गळून पडतेत. अन् जिथं नको तिथं लटकतेत. जो जीन गाठीले रोकते, त्याच्यावरच बसतेत. मंग लहानपणीचे जीन पुन्हा चालू होतेत. पेशी विसरून जाते का मी लिव्हर आहो. वाढतच राहते."

"परत लटकवता नाही येत?"

"आमची पूरी लॅब तेच करून राहिली. काचेच्या डिशमधल्या पेशीत कधी कधी जमते." तिनं पेनचं टोपण लावलं. "माणसात अजून नाही जमलं, पापा."

तो बराच वेळ त्या कागदावरचे गोल पाहत राह्यला. मंग निशानंच विचारलं. "पापा, मले एक समजून नाही राह्यलं. तुमचे मिलचे सारे रिपोर्ट मी पाह्यले. दोन हजार सोळापर्यंत निगेटिव्ह. म्हणजे वायरस त्याच्या बाद आला. अन् लिव्हर तं वीस वर्षं आजारी असल्यासारखं दिसून राह्यलं. इतक्या लवकर टॅग पडतेत कसे? काका, तुम्हाले काही मालूम आहे का?"

पुंडलिकनं चादरीखालून माझं मनगट धरलं. त्याच्यात तेवढा जोर कुठून आला काय माहीत.

"मले काय मालूम," मी म्हटलं.

तिनं आपल्या वहीत काहीतरी लिहून घेतलं. माझं खोटं त्या पोरीच्या वहीत गेलं. तिच्या शास्त्रातही मी घाण केली.

चार दिवसांनी नरेशच्या तपासणीचा कागद आला. नरेशलेही हेपेटायटिस बी. नवीन नाही, जुना. डॉक्टर म्हणाले, वायरस जागा आहे, लिव्हरले थोडी इजा झालेली आहे, आजपासून गोळी सुरू करा, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. अन् याचं लिव्हर आम्ही घेऊ शकत नाही. संपलं. दुसरं देणारं कोणी नव्हतं.

मीच जाऊन पुंडलिकले सांगतलं. तो भिंतीकडं तोंड करून पडला होता. ऐकल्यावर लहान पोरासारखा रडला. मंग म्हणे, "वस्तरा, मारोत. वस्तऱ्यानं गेलं."

मी म्हटलं, "आता तरी सांग बे घरी."

"नाही. मी दिलं हे त्याले नको कळू देऊ. मी जाऊनच राहिलो. त्याच्या मनात बाप जसा आहे तसा राहू दे. तू शपथ घे. तुले स्विचसमोर बसून वाचवलं होतं, त्याची शपथ घे."

मी शपथ घेतली. खरं सांगतो, मले बरंच वाटलं. त्याची शपथ झाली अन् माझंही झाकलं गेलं. असा मी माणूस.

दुसऱ्या दिवशीपासून पुंडलिक भ्रमात गेला. लिव्हर साफ करत नाही ते विष डोक्यात चढते, असं नर्स म्हणाली. हवेत हात करून तो क्रेनचे हँडल फिरवे. अन् तोंडानं "टण टण" करे, दोनदा. अंजनाबाई तोंडात पदर कोंबून बाहेर जाय. मले त्याच्याजवळ बसवत नव्हतं, अन् तिथून उठवतही नव्हतं.

इकडं नरेशचं काय चाललं ते मले दोन दिवस समजलंच नाही. त्यानं जेवण सोडलं होतं. तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात तो मले भेटला. पायरीवर बसला होता, डोकं गुडघ्यात.

"काका, मैंने मारा पापा को।"

"काय बकून राहिला बे?"

"मेरा पुराना है. पापाचं नवीन आहे, त्यांचे सोळापर्यंतचे कागद साफ आहेत. म्हणजे माझ्यापासूनच गेलं ना त्यांना? डॉक्टर को पूछा मैंने। बोले, हो सकता है, कह नहीं सकते।" तो वर पाहेना. "रेणू विचारून राहिली, तुमच्यात कुठून आलं? कुठं गेले होते तुम्ही? मी काय सांगू? मी कुठंच गेलो नाही, काका. ती दामिनीले घेऊन राजनांदगावले गेली, मायक्याले. आईही माझ्याकडं पाहत नाही."

तिथंच सांगायले पाहिजे होतं. जिन्यात कोणी नव्हतं, तो होता अन् मी होतो. दोन वाक्यांचं काम. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला अन् म्हटलं, "असं मनात नको आणू." अन् खाली उतरून आलो. बसस्टँडवर उभा राहून मी स्वतःले आईवरून शिव्या घातल्या. लोकं पाहत होते. पण परत जिना चढलो नाही. शपथ आहे, शपथ आहे, म्हणत बसमध्ये बसलो.

सहाव्या दिवशी सकाळी पुंडलिक गेला.

दुपारी त्याले भिलाईले आणलं. गल्ली भरली होती. मिलमधले जुने लोकं आले होते, आमगावहून भाऊबंद आले होते, पुतण्या कमलेश आला होता. मुक्तिधामात लाकडं रचली, पुंडलिकले वर ठेवलं, अन् कमलेशनं पेटतं गवत नरेशच्या हाती द्यायले पुढं केलं. नरेश मागं सरकला.

"मी नाही लावणार."

"अरे, मोठा पोरगा तू."

"मी मारलं त्यांना. मेरा हाथ नहीं लगेगा। कमलेश लावन."

लोकांत कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणे धक्का बसला, कोणी म्हणे पोराले काही वाईट बिमारी आहे म्हणतेत, बापाले त्याचीच लागली. हे नरेशलेही ऐकू गेलं. त्यानं मान अजून खाली घातली. निशा भावाजवळ उभी होती, त्याचा शर्ट धरून. आमच्यात बाया मसणात येत नाहीत, पण तिनं कोणाचं ऐकलं नव्हतं. कमलेशच्या हातातलं गवत जळून जळून त्याच्या बोटांपर्यंत येत होतं.

मी पुंडलिककडं पाह्यलं. कापसाचे बोळे घातलेलं ते नाक. दोन तास माझ्यासाठी खोक्यावर बसला होता हा माणूस. ज्याचा टॅग त्यानंच काढायचा म्हणून बसला होता. अन् त्याच्या लिव्हरवर सात वर्षं माझ्या रक्ताचा टॅग लटकून राह्यला, सगळं ठीक आहे, हात लावू नका, असं सांगत. तो काढायले दुसरं कोण येणार होतं? माझ्याशिवाय ज्याले मालूम होतं तो लाकडावर पडला होता.

"थांब रे कमलेश," मी म्हटलं. "नरेश, तुझ्या बापाले तू नाही दिलं. बापापासून तुले आलं. २००९ मध्येच होतं त्याले. मले मालूम होतं. मिलच्या त्या कागदावर जे रक्त आहे ते त्याचं नाही, माझं आहे. सात वर्षं त्याच्या नावानं मी दिलं."

लाकडावर एक कावळा येऊन बसला अन् उडाला.

मी सगळं सांगतलं. ब्लड बँकेतली बाई, माळ, हेल्मेट, जलेबी. वस्तराही सांगतला. सांगता सांगता मी रडून राहिलो होतो, पण त्याची कोणाले पडली होती? मले वाटलं नरेश मारन. मारायले पाहिजे होतं. तो नुसता उभा राह्यला.

निशा बोलली. हळू बोलली. "काका, बँकवाल्या मॅडमनं घरच्यांना तपासा म्हटलं होतं?"

"हाव."

"टीका लावा म्हटलं होतं?"

"हाव, बेटा."

"तेव्हा दादा सतरा वर्षांचा होता. पापाले तेव्हापासून रोजची एक गोळी चालू असती ना, तं..." तिनं वाक्य सोडून दिलं. अन् मंग एकदम ओरडली, "मी तुम्हाले विचारलं होतं ना! पापाच्या बाजूले बसून विचारलं होतं!"

ती मले मारायले धावली नाही, काही नाही. खाली मातीत बसली अन् दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. कमलेशनं जळतं गवत खाली टाकलं, नवीन पेटवलं. नरेश पुढं आला. बापाच्या पायावर डोकं ठेवलं, बराच वेळ. मंग गवत हाती घेतलं अन् अग्नी दिला. माझ्याजवळून जाताना त्यानं माझ्याकडं पाह्यलंही नाही.

आता दीड वर्ष झालं. रेणू पोरीले घेऊन परत आली. तिची अन् दामिनीची तपासणी झाली, दोघी साफ निघाल्या, दोघींना टीके झालेले आहेत. पण परत येऊन रेणूनं नरेशची माफी मांगतली का नाही, अन् नरेशनं तिले माफ केलं का नाही, हे मले माहीत नाही. अंजनाबाई माझ्याशी बोलत नाही. मी त्यांच्या दारात जात नाही. निशानं आपल्या वहीतलं ते पान फाडलं नाही, असं तिनंच सांगतलं. त्याच्यावर लाल शाईनं रेघ मारली, अन् खाली खरं साल लिहिलं. नरेशची गोळी चालू आहे. सोनोग्राफीत अजून काही नाही. अजून, असं डॉक्टर दरवेळी म्हणतेत, अन् मले तो शब्द बिलकुल आवडत नाही.

दर सहा महिन्यांनी नरेश रायपूरले जाते. कोणत्या दिवशी, ते निशा मले सांगते. कावून सांगते ते मी विचारलं नाही. मी त्याच बसमध्ये मागच्या सीटवर बसतो. नरेशले मालूम आहे. तो ये म्हणत नाही अन् जा म्हणत नाही.

मागच्या खेपेले दवाखान्याच्या लॅबच्या खिडकीवर गर्दी होती. मी बाकावर होतो, तो माझ्यापासून चार हात दूर. त्याचा नंबर आला. आत एक नवीन पोरगा होता, त्यानं दंडाले रबर बांधलं, सुई घातली, नळी भरली.

"नाम?"

नरेशनं मान वळवून माझ्याकडं पाह्यलं. मसणातून निघाल्यापासून पहिल्यांदा. मंग त्या पोराकडं वळून मोठ्यानं म्हणाला, "नरेश पुंडलिक दोनोडे."

त्या पोरानं नाव लिहून नळीवर लेबल चिकटवलं. नरेश उठला नाही.

"पढ़ के सुनाओ," तो म्हणाला. "जो लिखा है, पढ़ के सुनाओ."